कॅरेटमागे किती डिझेल?

पिकअप दारात आली की सोयऱ्यांपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ उत्तरही ठरलेलं असतं. चौदा सांगणारा बारा महिने चौदाच सांगतो. मग गाडीत द्राक्षं असोत, कांदा असो, नाहीतर नुसती ताडपत्री असो. बायोडेटातल्या उंचीसारखा हा आकडा असतो. अगदी खोटा नसतो, पण टाचांसकट मोजलेला असतो.

डिझेलचा भाव सरकारने ठरवण्याचे दिवस ऑक्टोबर २०१४मध्ये संपले. जून २०१७पासून तर भाव रोज बदलायची सोय झाली. ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. पुढे केंद्राने दोनदा अबकारी कर उतरवला, राज्याने व्हॅट थोडा कमी केला, आणि भाव शंभरीच्या आत आला. पण पिकअपवाल्याचं गणित काही पूर्वीच्या जागी परत गेलं नाही. शेतमालाचा भाव लिलावात दुसरा ठरवतो, डिझेलचा भावही दुसराच ठरवतो. आपल्या हातात मधला एकच आकडा राहतो, तो म्हणजे एक कॅरेट, म्हणजे प्लास्टिकची एक जाळी भरून माल बाजारात पोचवायला किती डिझेल जळलं. अ‍ॅव्हरेजमधून हा आकडा कळत नाही. उलट अ‍ॅव्हरेज बऱ्याचदा दिशाभूल करतं.

दिंडोरीकडचा टोमॅटो वाशीला न्यायचा आहे असं धरू. जाताना दोनशे किलोमीटर, येताना दोनशे. डिझेल हिशेबाला ९२ रुपये. गाडी पावणेदोन टनी बोलेरो पिकअपच्या वर्गातली, सतराशे किलो पासिंगची, म्हणजे तेवढा माल न्यायची परवानगी असलेली. टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं म्हणतात, पण रिकाम्या कॅरेटचं वजन धरून ते बावीसच्या आसपास जातं. म्हणजे कायद्यात बसणारी गाडी पंचाहत्तर कॅरेटला भरली. भरलेली गाडी लिटरला १३ किलोमीटर देत असेल, तर जाताना १५.४ लिटर. येताना खाली, म्हणजे रिकामी, पण घाट चढून, १५ धरले तर १३.३ लिटर. एकूण २८.७ लिटर, म्हणजे २,६४० रुपये. कॅरेटमागे ३५ रुपये.

आता त्याच गाडीत चाळीसच कॅरेट टाका. अ‍ॅव्हरेज सुधारतं, जाताना साडेचौदा मिळतं, ड्रायव्हर खूश. एकूण डिझेल २७.१ लिटर, २,४९३ रुपये. कॅरेटमागे ६२ रुपये! अ‍ॅव्हरेज वाढलं आणि कॅरेटमागचा खर्च दुपटीजवळ गेला. अर्धवट भरलेली पिकअप ही डिझेलची सगळ्यात मोठी गळती आहे, आणि ती कुठल्याही गॅरेजमध्ये बंद होत नाही. टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि जेवण यांचंही असंच. चाळीस कॅरेटला टोल अर्धा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शंभर कॅरेट भरू. नाशिक जिल्ह्यात हौद्याच्या वर दोन-दोन फूट चढवलेल्या जाळ्या काही नवलाच्या नाहीत. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. एकदा सापडलात तर कितीतरी फेऱ्यांची बचत तिथेच जाते. शिवाय जादा वजन पेलायला स्प्रिंगचा जादा पाटा बसवलेली गाडी रिकामी असताना तोच पाटा विनाकारण वाहत फिरते.

हा हिशेब करायचा तर आधी खरं अ‍ॅव्हरेज हवं. पद्धत जुनीच आहे, फक्त ती नीट पाळायला हवी. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिला कट पडेपर्यंत टाकी फुल करायची आणि तिथेच थांबायचं. ‘साहेब, राउंड फिगर करू का’ याला नाही म्हणायचं, कारण तळापासून वर येणारा फेस दर वेळी वेगळा असतो. किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा फुल, पुन्हा पहिल्याच कटला, मग भागाकार. एका टाकीवरून काही ठरवू नये, तीन टाक्यांची सरासरी धरावी. आणि प्रत्येक फेरीपुढे वजन लिहावं, कारण वजनाशिवाय लिहिलेलं अ‍ॅव्हरेज म्हणजे तारखेशिवाय लिहिलेला पाऊस. पंपाच्या मापाची शंका आली तर भांडत बसू नये. पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागून आपल्यासमोर भरून घेता येतं. तो ग्राहकाचा हक्क आहे.

टाकी कुठे भरायची, याचीही एक जुनी सवय आहे. मुंबईला निघालेली गाडी घाट उतरायच्या आधीच फुल करून घ्यायची. कारण मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट उरलेल्या राज्यापेक्षा जास्त होता. १ जुलै २०२४पासून तो २४ टक्क्यांवरून २१वर आला आणि सगळीकडे सारखा झाला. तरी सवय सुटत नाही. सुटली नाही म्हणून नुकसान नाही, पण इगतपुरीच्या रांगेत त्यासाठी वीस मिनिटं उभं राहण्यात आता अर्थ नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर तिथेच थोडं थांबू. गैरसमज सगळ्यात जास्त तिथे आहेत.

इगतपुरी आणि कसाऱ्यात उंचीचा फरक साधारण तीनशे मीटरचा. भरलेली गाडी साडेतीन टनांच्या घरात असते. ती तीनशे मीटर खाली आणायची म्हणजे दहा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. आकडा कोरडा वाटतो, म्हणून असं बघू. तेवढ्या उष्णतेत तीस लिटर पाण्याला उकळी फुटते. काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला एक तर इंजिन खातं, नाहीतर ब्रेक. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारा ड्रायव्हर हे सगळं पातेलं ब्रेक ड्रमवर ठेवतो. लायनर तापतात, ब्रेक ऑइलला बुडबुडे सुटतात, आणि पॅडल मऊ होत खाली जातं. घाटाच्या वळणावर हे कळून उपयोग नसतो. त्यातही कोणी चावीच बंद केली तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो.

आणि एवढं करून डिझेल वाचत नाही. जुन्या पंपाच्या इंजिनांचं ज्ञान कॉमन रेलच्या इंजिनाला लावल्याने हा घोळ होतो. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टर पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर आयडलिंगला राहावं लागतं, आणि अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. म्हणजे वीस मिनिटांच्या उतारात न्यूट्रलवाला पाव लिटरभर जाळतो, गिअरवाला जवळपास काहीच नाही. दुसरा-तिसरा गिअर, पाय मोकळा, ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडलेला. उतरायची स्वस्त रीत तीच आहे.

नाशिककरांच्या बाजूने निसर्गाने एक गोष्ट केली आहे. आपला माल भरलेला असतो तेव्हा गाडी उतरते, आणि रिकामी असते तेव्हा चढते. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. तीनशे मीटर चढायला तिला, इंजिनची कार्यक्षमता तीस टक्के धरून, अर्धा लिटर लागतं. भरलेलीला एक लिटर. फरक फक्त अर्ध्या लिटरचा! म्हणून ‘चढाला माल नको, गाडी डिझेल पिते’ म्हणत वाशीहून परतीचं भाडं नाकारणं हिशेबाला धरून नाही. संपूर्ण दोनशे किलोमीटर भरून यायला १५च्या जागी १२चं अ‍ॅव्हरेज धरलं, तरी जादा डिझेल ३.३ लिटर, म्हणजे सव्वातीनशे रुपयांच्या आत. किराणा, प्लास्टिकचे रोल, पॅकिंगचे बॉक्स, काहीही असो. भाडं हमाली सोडून त्याच्या वर असेल तर घ्यावं. न घेण्याचं खरं कारण एकच असू शकतं, ते म्हणजे वेळ. परतीच्या मालासाठी सहा तास ताटकळलं आणि उद्याची खुडणी चुकली, तर ते भाडं महाग पडलं.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, पुढे पूल, रस्ता तुळतुळीत. सततचं गिअर बदलणं, ट्रकमागे रांगणं हे सगळं वाचतं, आणि तिथे डिझेल खरंच वाचतं. पण टोल मालवाहू गाडीला कारपेक्षा चढ्या दराने लागतो, आणि रस्ता चांगला असला की पाय जड होतो. द्रुतगती मार्गावर मालवाहू गाडीला मर्यादा ८०ची आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून ६०वर आलं की तो ५६ टक्क्यांवर येतो. पिकअपचं समोरचं तोंड कपाटासारखं, त्यावर कॅरेटची भिंत, त्यामुळे कारपेक्षा तिला हे जास्त लागू होतं. शंभर किलोमीटरला पंचवीस मिनिटं जादा लागतात. लिलावाची वेळ गाठायची असेल तर ती पंचवीस मिनिटं मोलाची असू शकतात, हे मान्य. परतताना मात्र ८०ने पळायचं कारण बहुतेकदा भूक एवढंच असतं.

ताडपत्रीकडे कोणी बघत नाही. मोकळं टोक फडफडायला लागलं की ते मागे धरलेल्या पालासारखं गाडीला ओढतं. दर दोन हातांवर दोर, पुढची कड केबिनमागे दाबलेली, हे जास्तीचं काम पाच मिनिटांचं आहे. रिकाम्या गाडीला मागचा फाळका लावूनच चालवावं. उघडा ठेवला की हवा निघून जाते, ही समजूत चुकीची आहे. बंद फाळक्याआड हवेचा भोवरा बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते.

आता गाडीकडे. इथे खर्च छोटे आणि नुकसान मोठं, असे तीन-चारच मुद्दे आहेत.

पहिला हवेचा, टायरमधल्या. चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी असला की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं. आकडा बारीक दिसतो, पण भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरला कारच्या अंदाजाने हवा मारणारे पंप कमी नाहीत. पंधरा पीएसआय कमी म्हणजे तीन टक्के. वरच्या वाशी फेरीत ऐंशी रुपये, आणि टायरचे खांदे झिजतात ते वेगळेच. गाडीवरच्या पट्टीत किंवा मॅन्युअलमध्ये भरलेल्या आणि खाली गाडीचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. पहाटे, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने बघावं. वाशीत पोचल्यावर गरम टायरमधली हवा वाढलेली दिसते म्हणून काढू नये.

दुसरा मुद्दा घासणाऱ्या ब्रेकचा. फाळका ते बोनेट सगळं धुणारे लोक चाकाला कधी हात लावत नाहीत. वीसेक किलोमीटर सपाट रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरून गाडी आणावी, उभी करावी, आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची पाठ न्यावी. तीन कोमट आणि एक तापलेलं निघालं, तर तिथे डिझेलची उष्णता होते आहे. पुढे बहुधा कॅलिपरची पिन गंजून अडकलेली असते. मागे हँडब्रेकची केबल चिखलाने जाम झालेली असते, किंवा लायनर जास्त ताणलेले असतात. द्राक्षबागेच्या रस्त्यांवरून पावसाळाभर फिरलेल्या गाडीत दिवाळीच्या सुमाराला हे हमखास सापडतं. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर लगेच कळतं.

तिसरा मुद्दा थर्मोस्टॅटचा, आणि याचा राग यावा अशी परिस्थिती आहे. गाडी तापते म्हणून नेली की काही फिटर कारण न शोधता थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच काढून टाकतात. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण तो व्हॉल्व्ह साधारण ८०-८५ अंशांना उघडण्यासाठी असतो. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की इंजिन गार राहतं, ऑइल घट्ट राहतं, जळण अर्धवट होतं आणि डिझेल वाढतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत अशी गाडी पिंपळगावला पोचेपर्यंत तापतच नाही. बीएस-६ गाडीत आणखी पंचाईत होते. सायलेन्सरच्या रस्त्यातलं डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, स्वतः साफ व्हायला चांगली उष्णता लागते. ती न मिळाल्याने काजळी साठत जाते, दिवा लागतो, आणि साफसफाईसाठी गाडी जादा डिझेल जाळते. ओळखायची खूण सोपी आहे. दहा किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा आपल्या नेहमीच्या जागी येत नसेल, तर जुन्या बिलात ‘थर्मोस्टॅट’ शोधा. रेडिएटरची आतबाहेर तुंबलेली जाळी, बिघडलेला पंख्याचा क्लच किंवा वॉटर पंप, ही तापण्याची खरी कारणं.

एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावर पुस्तकातल्या निम्म्या किलोमीटरवर बघावा, हवा आतून बाहेर आणि बेताची मारावी. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पावसाळ्यात पाणी काढावं. चढावर गाडी दम सोडते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि काळा धूर दिसतो, तेव्हा इंजेक्टर खोलण्याआधी टर्बो आणि इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प बघावेत. फाटलेल्या होजच्या बाहेर तेलकट ओल दिसते. होजचं काम शेकड्यात होतं, इंजेक्टरचं हजारांत.

चालवण्याबद्दल थोडंच सांगायचं आहे. या वर्गातल्या इंजिनांचा जोर १४०० ते २२०० आरपीएममध्ये असतो. गिअर त्या पट्ट्यात बदलले की काम होतं. रेस करून हाफ क्लचवर मार्केटच्या रांगेत सरकत राहणं सगळ्यात वाईट. दिंडोरी रोडच्या बाजार समितीबाहेर हंगामात दोन तास इंजिन चालू ठेवलं, तर दीड लिटरला थोडं कमी जळतं, सव्वाशे रुपयांच्या घरात. उभं राहायचंच असेल तर चावी बंद. नाशिकच्या द्वारका चौकात मात्र काही इलाज नाही. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते खोदलेले असताना तर शहर टाळून पहाटे चारला निघणं, हाच डिझेल वाचवायचा रस्ता.

डिझेलच्या पाइपवर बसवायचे चुंबक, टाकीत टाकायच्या ‘अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या’ बाटल्या, यांच्याबद्दल लिहायला जागा खर्च करणं म्हणजे त्यांची जाहिरात. कुठून तरी टँकरने येणारं स्वस्त ‘बायोडिझेल’ मात्र धोक्याचं आहे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, भाग केसाच्या जाडीहून बारीक फटींवर चालतात. लिटरमागे दहा रुपये वाचवून चार इंजेक्टर आणि पंपाचं बिल अंगावर घेणारे पुन्हा त्या टँकरवाल्याला शोधायला जातात, तेव्हा तो सापडत नाही.

सीएनजी पिकअपचा विचार शहराभोवती रोज ठरावीक फेरी असणाऱ्याने करावा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत माल टाकणाऱ्याला तो परवडू शकतो. टाक्यांचं वजन पासिंगमधून जातं आणि पंपावरची रांग वेळातून जाते, हे दोन्ही हिशेबात धरून. गावाकडून पहाटे निघणाऱ्याला सीएनजी पंप वाटेत आहे का, एवढं आधी बघावं. ज्यांनी हौसेने व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी महागडी पिकअप घेतली आणि कॉलेज रोडवर कोथिंबिरीची जुडी आणायला दोन टनांची गाडी काढतात, त्यांना डिझेलची काळजी नसावी, असं समजून चालू.

राहता राहिली ती चाळीस कॅरेटची सकाळ. ती टळत नाही. तोडा रोज सारखा निघत नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला तर नाहीच. अशा दिवशी आपली गाडी दारात उभी ठेवून शेजारच्याच्या गाडीत माल टाकायचा, दुसऱ्या दिवशी त्याचा आपल्यात घ्यायचा. मोठी गाडी असणाऱ्याला हे जिवावर येतं, पण वरचे ३५ आणि ६२ आकडे त्यासाठीच काढले. त्यात भांडणं होतात ती डिझेलवरून कमी आणि कॅरेटवरून जास्त. म्हणून प्रत्येकाच्या कॅरेटना वेगळ्या रंगाचा पट्टा मारावा, गाडीत एकाचा माल एका बाजूला उभा लावावा म्हणजे उतरवताना शोधाशोध होत नाही, आडत्याकडून विक्रीची पट्टी प्रत्येकाच्या नावाची वेगळी घ्यावी. डिझेल, टोल आणि भत्ता कॅरेटच्या संख्येने वाटावा, हमाली ज्याची त्याने द्यावी. रिकामी कॅरेट परत येताना मोजून घ्यावीत, त्याच रात्री, गाडीतून उतरायच्या आधी.